कागद कुठाय? रात्रशाळेत विषमतेचा सिनेमा दाखवण्याची माझी रीत

वडिलांना मी घरी ‘मेट्रोपोलिस’ दाखवला तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. सिनेमा 1927चा, जर्मन, मूक. सुरुवातीलाच पाळी बदलते. कामगारांच्या दोन रांगा, एक आत जाणारी, दुसरी बाहेर येणारी. सगळ्यांचे काळे कपडे, सगळ्यांच्या माना खाली. वडील खुर्चीला टेकून बसले होते ते पुढे सरकले. “बाहेर येणाऱ्यांकडे बघ,” म्हणाले, “आत जाणाऱ्यांपेक्षा हळू चालतायत. रात्रपाळी सुटली की असंच व्हायचं. घरी जायची घाई मनाला असते, पाय ऐकत नाहीत.” मी तो सिनेमा त्याआधी तीनदा पाहिला होता. चालीतला फरक माझ्या लक्षातच आला नव्हता.

शेवटी चर्चच्या पायऱ्यांवर शहराचा मालक आणि कामगारांचा मुकादम समोरासमोर येतात. मालकाचा मुलगा मध्ये उभा राहून दोघांचे हात जुळवतो आणि सिनेमा संपतो. वडिलांनी पडद्याकडे बघतच विचारलं, “कागद कुठाय?”

त्यांना करारनामा म्हणायचा होता. ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. त्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. ज्या माणसाच्या आयुष्यात शेवटचा कागद आलाच नाही, त्याला नुसत्या हात मिळवण्याने समाधान वाटणार नव्हतं.

मी रात्रशाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. महिन्यातून एका शनिवारी वर्गात सिनेमा लावते. वडिलांच्या त्या दोन वाक्यांनंतर माझी दाखवायची रीत पार बदलली. इतर शाळांतले शिक्षक, वाचनालय चालवणारी मुलं विचारतात म्हणून ती इथे सविस्तर लिहिते. विषय एकच आहे: उद्याच्या जगाचं वाईट स्वप्न रंगवणारे, म्हणजे ज्यांना डिस्टोपियन म्हणतात ते सिनेमे, आणि त्यातलं श्रीमंतांविरुद्धचं बंड.

सिनेमा निवडताना

माझी एकच कसोटी आहे. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत कुणीतरी काम करताना दिसतं का, किंवा निदान कुणी काय खातं, कशावर जगतं ते दिसतं का? नुसतंच उंच काचेचं शहर, खाली चिखलातली वस्ती आणि लगेच बंदुका, असा सिनेमा मी घेत नाही. तिथे गरीब माणूस फक्त मळलेला दिसतो. तो दिवसभर काय करतो, त्याच्या कामावर वरच्यांचं काय चालतं, हे कळलं नाही तर त्याचं बंडही कळत नाही. मग मुलं मारामारी बघतात आणि घरी जातात.

या कसोटीवर माझ्याकडे दोन सिनेमे पक्के टिकले. पहिला ‘मेट्रोपोलिस’, फ्रिट्झ लँगचा. दुसरा ‘स्नोपियर्सर’, कोरियन दिग्दर्शक बाँग जून-हो याचा, 2013चा. पहिल्यात वर मनोरे आणि बागा, जमिनीखाली यंत्रं, आणि त्याच्याही खाली कामगारांचं शहर. दुसऱ्यात सगळं जग गोठलंय आणि उरलेली माणसं एका न थांबणाऱ्या आगगाडीत. पुढच्या डब्यांत श्रीमंत, शेपटाच्या डब्यांत फुकटे म्हणून कोंबलेले. एकात विषमता उभी आहे, दुसऱ्यात आडवी. दोन्ही लागोपाठच्या महिन्यांत दाखवले तर मुलं आपोआप तुलना करायला लागतात, तुम्हाला काही सांगावं लागत नाही.

वेळ कमी असेल तर 2011च्या ‘इन टाइम’ची पहिली वीस-पंचवीस मिनिटं घ्या. तिथे पैशाऐवजी वेळ चालतो. प्रत्येकाच्या हातावर उरलेलं आयुष्य हिरव्या आकड्यांत पळत असतं. बसचं भाडं एका तासाचं दोन तास झालेलं असतं, नायकाच्या आईकडे दीडच तास उरलेला असतो, आणि ड्रायव्हर तिला चढू देत नाही. ती पळत सुटते. पुढचा सिनेमा मला फारसा धरून ठेवत नाही, पण त्या एका प्रसंगावर आमच्या वर्गात तासभर बोलणं झालंय. आमच्या मुलांना भाडेवाढ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

परवानगीचंही बघून घ्या. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे. संस्थेच्या कामाचा भाग म्हणून, आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच असतील, तर सिनेमा दाखवता येतो. मंडळाचा मंडप, सोसायटीची गच्ची, वाचनालयाचा हॉल इथे ती सवलत धरून चालू नका, वितरकाला विचारा. घरच्या वापरासाठी घेतलेलं ओटीटीचं खातं म्हणजे जाहीर खेळाची परवानगी होत नाही.

भाषेची अडचण

‘मेट्रोपोलिस’ आधी घ्यायचं आणखी एक कारण म्हणजे तो मूक आहे. मध्ये मध्ये पाट्या येतात, त्या मी आधीच मराठीत करून दोनशेपानी वहीत लिहून ठेवल्यात. वर्गातली दोन मुलं पडद्याशेजारी उभी राहून त्या मोठ्याने वाचतात, एक वरच्या शहराच्या पाट्या, एक खालच्या. वाचणाऱ्याला आदल्या आठवड्यात वही घरी द्या. ऐन वेळी वाचायला लावलं तर अडखळतो आणि त्याची लाज बाकीच्यांना सिनेमापेक्षा मोठी होते.

या सिनेमाची लांब प्रतच घ्या. प्रदर्शनानंतर तो खूप कापला गेला आणि कापलेला भाग हरवला असं ऐंशी वर्षं मानलं जात होतं. 2008 साली ब्युनोस आयर्समधल्या सिनेमा संग्रहालयात जवळजवळ पूर्ण प्रत सापडली, त्यावरून दुरुस्त केलेली आवृत्ती 2010मध्ये बर्लिनला दाखवली गेली. सापडलेले तुकडे ओरखड्यांनी भरलेले आहेत, पडद्यावर पाऊस पडल्यासारखे दिसतात. मुलांना आधी सांगून ठेवा की हा दोष तुमच्या प्रोजेक्टरचा नाही. आमच्याकडे एका मुलीने विचारलं होतं, कापलं कुणी आणि कुणाला विचारून? मी म्हटलं, धंदा बघणाऱ्यांनी, लांबी परवडत नाही म्हणून. तिने तो मुद्दा वहीत लिहून घेतला.

अडीच तासांचा सिनेमा आहे, दोन शनिवारांत वाटून घ्या.

‘स्नोपियर्सर’मध्ये इंग्रजी आणि कोरियन बोलणं आहे. सबटायटल झरझर पळतात. मी पाच ठिकाणी थांबवून मराठीत दोन-दोन मिनिटं सांगते, बाकी चित्रावर सोडते. कुऱ्हाडींची मारामारी आहे, हात गोठवून तोडायची शिक्षा आहे, म्हणून सोळाच्या खालच्यांना हा दाखवत नाही. ज्यांना बघवणार नाही त्यांनी बाहेर जाऊन यावं, कारण विचारलं जाणार नाही, हेही आधीच सांगते.

खोली आणि जेवण

आमची मुलं साडेसहाला कामावरून येतात. कुणी कुरिअरवर, कुणी गारमेंटमध्ये धागे काढायला, कुणी हॉटेलात, एक पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर. उपाशी माणसाला सिनेमा दिसत नाही, म्हणून सुरू करण्याआधी वडापाव आणि चहा. हा खर्च टाळू नका, प्रोजेक्टर उसना मिळतो. ‘स्नोपियर्सर’च्या वेळी तर खाणं आधीच उरका. त्यात शेपटाच्या डब्यातल्या लोकांना रोज एक काळी, जेलीसारखी वडी मिळते आणि ती कशाची बनते ते पुढे दिसतं. किड्यांची.

खिडक्यांना चादरी लावा. पंखे चालू राहू देत. बाक मागे ढकलून सतरंजी घातली तर थकलेली मुलं पाय पसरतात. एखादा झोपला तर झोपू द्या, मी उठवत नाही. बारा तास उभं राहून आलेल्या पोराला कामगारांच्या शोषणाच्या सिनेमासाठी हलवून जागं करणं मला बरोबर वाटत नाही.

चिठ्ठ्या

माझ्या रीतीचा हा गाभा आहे.

पहिल्या वर्षी मी सुरुवातीला वीस मिनिटं भाषण केलं होतं. वर्ग, भांडवल, श्रम, सगळं फळ्यावर. त्यानंतर मुलांनी सिनेमात तेवढंच बघितलं जेवढं फळ्यावर होतं, आणि चर्चेत माझीच वाक्यं मला परत केली. वडिलांनी चाल बघितली कारण त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यांच्या पायांना ती चाल ठाऊक होती.

आता मी भाषण करत नाही. पाच शब्दांच्या चिठ्ठ्या करते आणि प्रत्येकाला एकच देते: घड्याळ, दार, जेवण, हात, मुलं. ज्याला जी चिठ्ठी आली त्याने संपूर्ण सिनेमाभर फक्त तीच गोष्ट धरायची. दिसली की वहीत एक ओळ. बस.

घड्याळवाल्यांना ‘मेट्रोपोलिस’मध्ये सुरुवातीलाच सापडतं. वर चोवीस तासांची लहान तबकडी आणि खाली मोठी, तिच्यावर दहाच आकडे. दहा तासांची पाळी, म्हणून दहा आकड्यांचं घड्याळ. माणसांचं घड्याळच वेगळं. पुढे मालकाचा मुलगा एका थकलेल्या कामगाराची जागा घेतो. त्या कामगाराला नावाआधी नंबर आहे, 11811. त्याचं काम म्हणजे एका प्रचंड गोल यंत्राचे काटे पेटणाऱ्या दिव्यांवर नेऊन ठेवायचे. पाळी संपत येते तेव्हा तो श्रीमंत मुलगा त्या काट्यांवर हात पसरून लटकतो आणि बापाच्या नावाने ओरडतो, दहा तास कधी संपतच नाहीत का म्हणून.

इथे मी सिनेमा थांबवते आणि इतिहास सांगते, कारण हा आकडा कल्पनेतला नाही. जर्मनीत 1918च्या क्रांतीनंतर आठ तासांचा दिवस मिळाला होता. डिसेंबर 1923मध्ये सरकारी हुकुमाने दहा तासांपर्यंत काम करून घ्यायची वाट मोकळी झाली. सिनेमाचं चित्रीकरण 1925-26मधलं. म्हणजे त्या काळी बर्लिनच्या थिएटरात तिकीट काढून बसलेल्या कामगाराला ते दहा आकड्यांचं घड्याळ भविष्यातलं वाटलं नसणार. मी वर्गाला एवढंच विचारते: तुमच्या घड्याळात किती आकडे आहेत? आमच्याकडे उत्तरं अकरा, बारा, आणि एकाचं “बाई, ऑर्डर संपेपर्यंत” अशी आली. आपल्या 1948च्या कारखाना कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास लिहिलेले होते, हे त्यांतल्या तिघांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

हातवाल्यांना सांगून ठेवा की हात कुठेही येतील, बोलण्यातही. ‘मेट्रोपोलिस’ सुरू होतो तोच डोकं, हात आणि काळीज यांच्या वाक्याने: डोकं आणि हात यांच्यामधला दुवा काळीज असायला हवा. मारिया नावाची तरुणी जमिनीखाली कामगारांना बायबलमधल्या बाबेलच्या मनोऱ्याची गोष्ट सांगते. मनोऱ्याचं स्वप्न बघणारे वेगळे, दगड ओढणारे वेगळे, आणि ओढणाऱ्यांना ते स्वप्न कुणी सांगितलंच नव्हतं.

दारवाल्यांसाठी ‘स्नोपियर्सर’ म्हणजे सणच. शेपटापासून इंजिनापर्यंत एकामागून एक दारं. ती उघडणारा माणूस नामगूंग मिन्सू, सोंग कांग-हो या नटाने केलेला. तो बंडखोरांना दारं उघडून देतो आणि मोबदल्यात नशेचे गोळे घेतो. तो कुठे बघतो, हे दारवाल्यांनी सोडायचं नाही. बाकी सगळे पुढच्या दाराकडे बघत असतात. तो खिडकीतून बाहेर बघतो.

एक गोष्ट मी स्वतः सांगते, ती चिठ्ठीत बसत नाही. या सिनेमात शेपूट नेहमी डावीकडे आणि इंजिन नेहमी उजवीकडे असतं. नायक कर्टिस उजवीकडे चालला म्हणजे पुढे चालला. एका ठिकाणी त्याचा जिवलग पोरगा एडगर डावीकडे सुरीखाली सापडतो आणि उजवीकडे पळून जाणारी मंत्रीणबाई असते. कर्टिस क्षणभर डावीकडे बघतो, मग उजवीकडे जातो. एडगर मरतो. तो क्षण दोनदा दाखवा. बंड पुढे सरकलं, पण कुणाला मागे टाकून, हे मुलांना दिशेवरून कळतं.

किती वेळा थांबवायचं

फार नाही. ‘मेट्रोपोलिस’मध्ये मी तीनदा थांबवते: घड्याळानंतर, बाबेलनंतर आणि कामगार मुख्य यंत्र फोडायला निघतात तेव्हा. तिसरी जागा महत्त्वाची. मारियाच्या रूपातला यंत्रमानव त्यांना भडकवतो, आणि तो यंत्रमानव मालकाच्याच सांगण्यावरून आलेला असतो. मालकाला दडपशाहीसाठी निमित्त हवं असतं. यंत्र फुटतं तसं खालच्या शहरात पाणी शिरतं आणि कामगारांची मुलं तिथेच राहिलेली असतात. वर कामगार नाचतायत, खाली पोरं बुडतायत.

‘मुलं’ चिठ्ठीवाले इथे गप्प होतात. त्यांना थोडा वेळ द्या. मग मी त्यांना पडद्यामागची गोष्ट सांगते. त्या पुराच्या प्रसंगासाठी बर्लिनच्या गरीब वस्त्यांतून सुमारे 500 मुलं आणली होती आणि त्यांना दोन आठवडे थंड पाण्यात काम करावं लागलं. गरिबांच्या बुडणाऱ्या मुलांचं चित्र काढायला गरिबांचीच मुलं पाण्यात उतरवली. ही गोष्ट कळल्यावर तो प्रसंग मला पूर्वीसारखा बघता येत नाही, आणि मुलांनाही तो तसा बघता येऊ नये असं मला वाटतं.

‘स्नोपियर्सर’मध्ये ‘मुलं’ ही चिठ्ठी सुरुवातीलाच लागते. पिवळ्या कोटातली एक बाई शेपटाच्या डब्यात येते, टेपने लहान मुलांची मापं घेते आणि दोघांना घेऊन जाते. कशाला, ते कुणाला सांगत नाही. आमच्या वर्गात शिलाईच्या कारखान्यात काम करणारी एक मुलगी आहे. ती लगेच म्हणाली, “बाई, हे कपड्याचं माप नाही. कपड्याला आधी छातीला टेप लागते.” सगळ्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. पुढचा दीड तास ती मापं कशाची होती हा प्रश्न तिनेच वर्गात जागा ठेवला. मी भाषण करून हे घडवू शकले नसते.

चर्चेत काय विचारायचं

“बंड करणं बरोबर की चूक?” असं विचारू नका. सगळे “बरोबर” म्हणतात आणि बोलणं तिथेच संपतं. आधी चिठ्ठ्या वाचून घ्या, प्रत्येकाची एक ओळ. मग मी एकच प्रश्न फळ्यावर लिहिते: हे बंड नेमकं काय मागतंय?

ही मागणी शोधायला मुलांना वेळ लागतो, कारण सिनेमेच ती बऱ्याचदा लपवतात. पडद्यावर राग दिसतो, मशाली दिसतात. मागणी दिसत नाही. ‘मेट्रोपोलिस’मधले कामगार इतकं फोडतात, पण दहाचे आठ तास करा असं एकदाही म्हणत नाहीत. विज्ञानकथा लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सने 1927 सालीच या सिनेमावर सडकून टीका केली होती, आणि लँगनेही पुढे डोकं-हात-काळीज या निष्कर्षाबद्दल जाहीर नापसंती दाखवली. ते वाक्य मुळात पटकथा लिहिणाऱ्या थेआ फॉन हार्बूचं, ती लँगची तेव्हाची बायको. पुढे ती नाझी पक्षात गेली. मराठी वाचकाला एक गोष्ट ठाऊक असावी म्हणून सांगते: लँगपासून वेगळी झाल्यावर तिने ज्याच्याशी गुपचूप लग्न केलं तो आयी तेंडुलकर हा बेळगावकडचा पत्रकार होता. मुलांना हे सांगितलं की तो परका, करडा सिनेमा अचानक जवळ येतो. पण माझा मुद्दा तिच्या लग्नाचा नाही. हात आणि डोक्यात काळजाने समेट करायचा आणि हातांनी आपलं घड्याळ तसंच ठेवायचं, या विचारात सत्तेला अडचण वाटावी असं काहीच नाही. 1927च्या जर्मनीत हे किती घातक होतं ते इतिहासाच्या तासाला सांगावंच लागतं.

मागणीचा प्रश्न सिनेमाबाहेरही नेता येतो. ‘हंगर गेम्स’मधली तीन बोटं वर करायची खूण 2014च्या लष्करी उठावानंतर थायलंडमधल्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावर आणली, त्यासाठी काहींना पकडलंही. 2021 साली म्यानमारमध्येही ती दिसली. सिनेमातली खूण खऱ्या माणसांच्या हातात आली, आणि त्या माणसांकडे मागणी होती: लष्कराने सत्ता सोडावी, निवडणूक मानावी. खुणेच्या मागे वाक्य असलं की ती टिकते, हे मी मुलांना तिथून दाखवते.

‘स्नोपियर्सर’मध्ये मागण्या दोन आहेत आणि त्यांच्यातलाच झगडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. कर्टिसला इंजिन हवंय. ज्याच्याकडे इंजिन, त्याच्याकडे गाडी. नामगूंगला बाजूचं दार हवंय. त्याने बर्फ थोडा थोडा वितळतोय हे खिडकीतून टिपून ठेवलंय आणि जमवलेली नशा त्याला ते दार उडवायला हवी आहे, ती स्फोटक असते. कर्टिस इंजिनापर्यंत पोचतो तेव्हा त्याला कळतं की त्याचं बंडसुद्धा वेळापत्रकात बसवलेलं होतं. गाडीतली माणसं जास्त झाली की कमी करायला पुढच्यांना बंड लागतं, आणि शेपटातला ज्याला तो गुरू मानत होता तो म्हातारा मालकाशी बोलत होता. मग मालक त्याला इंजिन देऊ करतो. तू चालव.

इथे थांबवून हात वर करायला लावा. किती जण घेतील? आमच्याकडे एकवीसपैकी चौदा हात वर आले. मी कुणालाही चूक म्हटलं नाही. त्यांतला एक हॉटेलात टेबलं पुसतो. तो म्हणाला, “मी चालवीन तर शेपटाला आधी जेवण देईन.” कर्टिसलाही कदाचित तसंच वाटलं असेल. मग मी पुढचं सुरू करते. फरशीची फळी उचलली जाते आणि खाली यंत्राच्या पोटात एक लहान मुलगा काम करताना दिसतो. झिजलेल्या सुट्या भागाच्या जागी तो बसवलेला आहे, कारण तिथे लहानच शरीर मावतं. शिलाईवाली मुलगी हळूच म्हणाली, “माप.”

कर्टिस मुलाला ओढून काढण्यासाठी स्वतःचा हात यंत्रात घालतो आणि तो हात जातो. पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या मुलाकडे त्या वेळी ‘हात’ची चिठ्ठी होती. त्याच्या उजव्या हाताची दोन पेरं नाहीत. ही चिठ्ठी त्याला जाणार हे मला आधी लक्षात यायला हवं होतं, आता मी चिठ्ठ्या वाटण्याआधी विचार करते, तुम्हीही करा. तो काही बोलला नाही. चर्चेत त्याची पाळी आली तेव्हा त्याने वही उघडून वाचलं, “त्याने मशीन बंद न करता हात घातला. बंद करायचं बटण कुणाकडे होतं?” मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि आम्ही उरलेला वेळ त्याच्यावरच बोललो. बटण कुणाकडे असतं. सेन्सर काढून का ठेवतात. हात गेल्यावर आधी दवाखाना की आधी शेठला फोन.

कागद

शेवटचा भाग वडिलांचा आहे. ‘मेट्रोपोलिस’ संपल्यावर दिवे लावू नका, हात मिळवण्याचं चित्र पडद्यावर गोठवून ठेवा. मुलांचे चार-चारचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक फुलस्केप द्या. त्या दोन हातांच्या मध्ये जो कागद असायला हवा होता तो लिहायचा. किमान पाच कलमं. प्रत्येक कलमात आकडा किंवा तारीख हवी, “चांगली वागणूक द्यावी” असं कलम मी परत पाठवते. चांगली म्हणजे काय ते लिही म्हणते.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा आलेली कलमं माझ्या वहीत आहेत. घड्याळ आठ आकड्यांचं करावं. खालच्या शहरात पाणी भरलं तर भोंगा वाजेल आणि लिफ्ट आधी मुलांसाठी. नंबराने हाक मारायची नाही. बदली कामगाराला दोनशे चाळीस दिवसांनी कायम करावं. ते शेवटचं ज्या मुलाने लिहिलं त्याचे आजोबा गिरणीत बदली होते, त्याने घरी ऐकलेलं होतं. एका गटाने खाली सह्यांसाठी दोन जागा सोडल्या आणि मालकाच्या मुलासाठी तिसरी, साक्षीदार म्हणून.

‘स्नोपियर्सर’नंतर हेच करायला गेले तेव्हा अडचण आली, आणि ती मी आधी ओळखली नव्हती. त्याच्या शेवटी स्फोट होतो, बर्फाचा कडा कोसळतो, गाडी रुळावरून जाते. बाहेर पडतात फक्त दोघं: नामगूंगची तरुण मुलगी योना आणि यंत्रातून काढलेला तो मुलगा. समोर पांढरे डोंगर आणि लांबवर एक पांढरं अस्वल. जगात जीव उरलाय एवढंच कळतं. मालक नाही, इंजिन नाही. पॉवर प्रेसवाल्याने विचारलं, “बाई, या वेळी कागद कुणाबरोबर लिहायचा?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी तसं सांगितलं. वर्ग गप्प होता. पंखे तेवढे वाजत होते. मग शिलाईवाल्या मुलीने फुलस्केप स्वतःकडे ओढला, वर मध्यभागी लिहिलं ‘आपल्या आपल्यात’, आणि खाली पहिलं कलम घातलं: मुलांना मशीनला लावायचं नाही. दुसरं कलम टेबलं पुसणाऱ्याने सांगितलं, जेवण सगळ्यांचं एका भांड्यात. बंद करायचं बटण प्रत्येकाच्या हाताला येईल असं लावायचं, हे तिसरं. पाचव्या कलमावर वाद सुरू झाला, अस्वल दिसलं तर पहारा कुणी द्यायचा, मुलींनी की मुलांनी. तेवढ्यात शिपाईमामा कुलूप घेऊन दारात आले. मी त्यांना दहा मिनिटं थांबायला सांगितलं आणि दिवे लावले, कारण लिहिणाऱ्यांना कागद दिसत नव्हता.